सालईचा डिंक आणि समितीचे दही

मित्रांनो, मानवजातीला रोगजंतूंपासून वाचवण्याचे कार्य ज्यांच्या खांद्यावर आहे, त्यांपैकी मी एक जुना इन्क्युबेटर आहे. गेली नऊ वर्षे मी दही लावतो.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. पोटात ठरावीक ऊब राखायची आणि काचेच्या बश्यांत तपासणीचे जंतू वाढवून द्यायचे, हे माझे काम. जिंतूरजवळच्या या कॉलेजात आलो तेव्हा मला हार घातला, नारळ फोडला. विजेची सोय दोन वर्षांनी झाली. तोवर माझ्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे नांदले. पुढे प्रयोगशाळेतल्या भुजंगमामांनी माझे गुण ओळखले. माझ्यासारखे घट्ट दही तालुक्यात लागत नाही, असे सगळा स्टाफ म्हणतो.

मग सुकेशनी आली. एम.एस्सी.ची मुलगी, येलदरीकडची. तिच्या आईच्या चिघळलेल्या टाचा सालईच्या झाडाच्या डिंकाने बऱ्या झाल्या होत्या. त्या डिंकातले नेमके काय जंतू मारते, हे तिला शोधायचे होते. शिष्यवृत्ती मिळाली तरच ते जमणार होते, आणि तिच्या अर्जाला एकच निकाल तीनदा यायला हवा होता. दोनदा आला. जंतूंच्या पांढुरक्या थरात डिंकाभोवती जंतू मरून स्वच्छ गोल कडे उमटले. तिसऱ्या खेपेला तिने दिवाळीपासून वेचलेला उरलासुरला डिंक वापरला, माझ्या उबेचा काटा सदतीस अंशांवर लावला आणि दारावर चिठ्ठी डकवली: ‘हात लावू नये.’ दुसऱ्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख होती. तपासणी समितीही त्याच दिवशी यायची होती.

सकाळी पाहते तर सगळ्या बश्या लख्ख. कडे नाही, थरही नाही.

“मामा, काटा अठ्ठेचाळीसवर कुणी नेला?”

“म्याच की. सायबलोकं यायलेत. दही लवकर लागाय नको?”

विभागप्रमुख दिनकरराव सर मात्र खूश झाले. “शंभर टक्के जंतू खलास! लिहून टाक.”

“सर, ज्या बशीत डिंक घातलाच नाही, तीसुद्धा कोरी आहे. हे जंतू डिंकानं नाही, दह्यासाठी वाढवलेल्या उष्णतेनं मारले.”

“लय शहाणी हायस. समिती काय बश्या चाटून बघणारंय?”

तिने वहीत लिहिले, ‘प्रयोग फसला.’ अर्ज गेला नाही. जेवणानंतर समितीने शेरा दिला, ‘प्रयोगशाळा उत्तम.’ सुकेशनी आता ताडकळसला शिकवण्या घेते. तिची चिठ्ठी अजून माझ्या दारावर आहे.

मित्रांनो, विज्ञानाची कदर करा, असे मी म्हणणार नाही. माझ्या खालच्या कप्प्यात समितीच्या वेळची दह्याची एक वाटी राहिली आहे. तिच्यावर हिरवी लव आली आहे. तेवढी कुणीतरी काढा.