तांब्यात कैद केलेली शुगर

अबे चहा मंग सांगा, आधी ऐका! शनिवारी आमच्या गावात शाळेमागच्या लिंबाखाली दोन-अडीचशे माणूस जमलं होतं. मधात धुनी, धुनीमागं ताम्रनाथ बाबा. हातात तांब्याची सळाई, पेन्सिलीएवढी जाड, हातभर लांब. कोणाले दमा, कोणाले मिरगी, आन् माह्या मामेबहिणीले, पल्लवीले, शुगर. बारा वर्षांची पोरगी, रोज इन्सुलिनच्या चार सुया. सुया बंद झाल्या त पोरगी वाचत नाई, डॉक्टरनं साफ सांगितलेलं.

बाबा म्हणे, "बेटी, पकड. रोग मनात आण. वाकव!"

पल्लवीनं वाकवली. मेणासारखी वाकली बे! पोरीचे हात काड्यांसारखे, तरी सळाईचा पार गोल आकडा झाला. मंग बाबानं उदयसिंग पहिलवानाले उठवलं. "सीधी कर, पठ्ठे!" उदयसिंगनं गुडघा लावला, दात खाल्ले, मानीच्या शिरा फुगल्या. सळाई दुसरीकडंच जराशी वाकली, पण तो आकडा काई सुटला नाई.

बाबा मराठीत सुरू होये आन् चमत्कार आला का हिंदीत घुसे. "देखा? रोग तांबे में कैद! सळाई कडक, तवर बेटी निरोगी. आता सुई टोचली त कैद टूट जाएगी!"

सरिता मामीनं ती सळाई घरी आणली आन् सुया फ्रीजमंदी ठेवल्या त्या ठेवल्याच. मामा पुण्याले कामावर. मी लय भांडलो. मामी एवढंच बोलली, "अनुप, चार वर्षं झाली, माह्याच हातानं पोरीच्या पोटात सुई टोचून राह्यली मी. मले एकदा थांबू दे न बाप्पा."

मी तसाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो त पल्लवी ओकून राह्यली, लोट्यानं पाणी पिऊन राह्यली, श्वास भात्यासारखा. म्हटलं, मामी, सुई दे! मामी ऐकेच ना. दृष्ट काढल्यावर मीठ-मोहऱ्या चुलीत टाकतात न, तशी तिनं ती सळाई पोरीवरून उतरवली आन् टाकली चुलीत. रोग जळूनच जाऊ दे म्हणे. लाल झाल्यावर चिमट्यानं काढली, निवू दिली, काजळी पुसाले हातात घेतली. आन् पुसता पुसता सळाई सरळ होऊन गेली!

मामी किंचाळली, "रोग सुटला वं माय! मीच सोडला!" पोरीले उचललं आन् धावली. दवाखान्यात नाई, बाबाकडं!

मी पळता पळता ज्योत्स्नाले फोन लावला. आपल्या आयटीआयतली, आपल्या वाशीमकडच्या मालेगावात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे न तिचं, तीच. सगळं सांगितलं.

"आगीतून काढली आन् नरम पडली?" ती म्हणे. "अबे, तांबं आहे ते! आलीच मी."

ती वीस मिनिटं मले वीस वर्षं वाटली. पल्लवीचं डोकं मामीच्या मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. उचलाले गेलो त चार जणांनी मले मागं ओढलं. बाबा गर्जून राह्यला, "पापीण! तूने कैद तोडी! आता दुसरी सळाई!"

तेवढ्यात ज्योत्स्नाची मोटारसायकल थेट गर्दीत. उतरली, बाबाच्या फडक्यातली सळाई उचलली.

"हाथ मत लगाना! भस्म हो जाएगी!"

"होऊ द्या. राख तुमालेच लावाले कामी येईन." असं म्हणून तिनं सळाई वाकवली. "उदयसिंगदादा, करा सरळ."

उदयसिंगनं जोर लावला. होईच ना.

"बाबा, मले त साधी सर्दी नाई. माह्या अंगातला कोणता रोग गेला तांब्यात?"

कोणीतरी खुदकन हसलं. बाबा म्हणे, "तेरा अहंकार!"

"बरं, मंग तो भाजून पाहू." तिनं सळाई धुनीत खुपसली. लाल झाली तशी चिमट्यानं काढून बादलीत बुचकळली. चर्रर्र! "मामी, तुमी करा सरळ."

मामीनं जराशीच दाबली. तरी सळाई सरळ झाली. ज्योत्स्नानं पुन्हा वाकवाले लावली. पुन्हा कडक.

"तांब्याच्या आत कणांचे थर असतात," ती मोठ्यानं सांगाले लागली. "नरम तांब्यात ते एकमेकांवरून सरकतात. वाकवलं, ठोकलं का त्यायचा गुंता होते, मंग सरकत नाई. करंटही त्यातून जरासा कमीच जाते. लाल होईस्तोर तापवलं का गुंता सुटते. मी रोज मोटरीत तांब्याच्या तारा भरतो, मले हे हातालेच समजते. धुनीत रोग नाई जळत, बाबा आधीच सळाया नरम करून ठेवते! मामी, शुगर पोरीच्या रक्तातच आहे. पहा तिच्याकडं!"

मामीनं पोरीकडं पाह्यलं. सळाई फेकली. "अनुप, गाडी काढ!"

वाशीमले पोचलो तवा पल्लवी हाकेले ओ देत नव्हती. डॉक्टर म्हणे, आणखी दोन तास गेले असते त पोरगी हाती लागली नसती. इकडं बाबा झोळी घेऊन निघाला होता, उदयसिंगनं खांद्यावर हात ठेवून पोलीस येईस्तोर बसवून ठेवला. तो मातर वाकला बरं!

काल पल्लवी घरी आली. सुईची वेळ झाली, मामी उठली, त पोरगी म्हणे, "दे इकडं, आई. आता मी घेतो माह्या हातानं."

गड्याहो, तेच दोन शब्द आपणही शिकू. कोणी चमत्कार दाखवला त पाया नका पडू. हात पुढं करा आन् म्हणा, "दे इकडं. आता मी करून पाहतो."