चिंधीची पेंडी

शालनच्या घरात लग्नापासून एकच नियम: हिरवीगार भाजी बाजाराला, पिवळी पडलेली चुलीला. पिकवणाऱ्यानेच चांगलं खाल्लं तर विकायचं काय, असं तिचा नवरा कृष्णात म्हणायचा. बावड्याच्या मळ्यात राबत त्याने हा नियम जन्मभर पाळला. आता त्याचं हृदय फुगलं होतं. चार पावलं टाकली की भिंत धरावी लागायची. गोळ्या चालू ठेवा, बाकी आपल्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. शालनला पानाचा मिळाला. मुलगी श्रुती कॉलेजातून शिकून आली, की गडद पालेभाजीत ल्युटीनसारखी रंगद्रव्यं असतात, ती रक्तवाहिन्यांना बरी म्हणतात. पान पिवळं पडलं की ती कमी होतात. "औषध न्हवं आई, नुसती मदत. तीबी आधीपासनं खाल्लं तर," असंही पोरीने बजावलं. पण शालनला तेवढंच ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पालकाची सगळ्यात गडद पेंडी बाजूला काढली, जुन्या साडीची चिंधी बांधून माठामागे ठेवली. दुपारी येऊन त्याला शिजवून घालायची होती. पाटी भरायचं बैठं काम अजून कृष्णातच करायचा. ते त्याच्यावर सोपवून ती आंघोळीला गेली.

बाजारात एका बाईने पाटीत हात घातला आणि नेमकी चिंधीची पेंडी उचलली. भिंत धरत धरत माठापर्यंत जाऊन कृष्णातनेच ती पाटीत घातली असणार! ही विकायची नाही, असं शालनने सांगून पाहिलं.

"द्या की मावशी," बाई काकुळतीला आली. "आमच्या ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. अशीच गडद पायजे."

हिचा नवरा बरा होईल, तिथं पेंडीचा उपयोग तरी होईल, असं शालनच्या मनात आलं. असं मनात आलंच कसं, म्हणून तिला स्वतःचा संताप आला. पण पेंडी तिने दिली.

घरी आली तेव्हा कृष्णात दारातच बसला होता.

"ती चिंधीची पेंडी गेली का?"

"गेली की."

"जाणारच. मालच तसा हुता," म्हणून तो हसला. किती दिवसांनी हसला होता. शालन खाली मान घालून त्याच्यासाठी पिवळी पानं निवडायला बसली.