माझ्या वाट्याचे उपास

लेकरू व्हईना म्हणून आत्याबाईनं, म्हंजे माझ्या सासूनं, देवापुढं बोलून माझ्यामागं उपास लावून दिले. सोमवार, गुरुवार, शनिवार, वरून एकादशी अन् चतुर्थी. राहिल्या दिवशी खुरपायला जा. बांगड्या पार कोपरापस्तोर सरकायच्या. पाळी कधी यायची, कधी यायचीच न्हाई. लांबली की आत्याबाई माझ्या तोंडाकडं आशेनं बघायच्या, अन् ती आली की चुलीपुढं गुमान बसायच्या. मला त्यांची दयाबी यायची अन् रागबी.

माझा नवरा हरिओम उसाचं ट्रॅक्टर चालवतो, गंगाखेडच्या कारखान्याला. सीझनभर जागरण, अन् झोप येऊ नये म्हणून तोंडात गुटखा. ह्यांना कुणी काय इचारलं न्हाई. खोट काय ती बाईतच असती ना!

शेवटी मीच बेजार झाले. म्हणलं, "परभणीला दवाखान्यात तिघंबी जाऊ, न्हाईतर मी ताडकळसला माहेरी चालले." ह्यांनी लय आढेवेढे घेतले, पण आले.

डॉक्टरीणबाईनं दोघांच्याबी तपासण्या केल्या. ह्यांना म्हणल्या, "शुक्राणू कमी आहेत. गुटखा, जागरण, डोक्यावरचा ताण, सगळ्याचा परिणाम होतो." ह्यांनी मान खाली घातली, वर केलीच न्हाई. मग मला इचारलं, "जेवता का नीट?" मी बोलायच्या आधीच आत्याबाई मोठ्या अभिमानानं म्हणल्या, "लय कडक उपास करती बाई माझी सून."

"तिथंच चुकतंय, आजी. उपाशी शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. दुष्काळात ते लेकराची तयारी करत नाही. पाळी त्यानंच बिघडली. मी खात्री देत नाही, पण दोघांनीही आधी तब्येत सुधारा, मग बघू."

येताना एसटीत आत्याबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटलं, घरी गेल्यावर डॉक्टरणीलाच नावं ठेवतील.

सोमवारी सकाळी त्यांनी माझ्यापुढं ताट ठेवलं. भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर दही.

"आत्याबाई, आज सोमवार हाय."

"ठावं हाय मला. देवाला शब्द मी दिला व्हता, तू न्हाई. तुझे उपास आता माझ्यावर. तू जेव." मग लेकापुढं हात पसरला. "अन् हरी, तू तुझा गुटख्याचा उपास धर. काढ त्या पुड्या."

ह्यांनी खिशातली पुडी दिली. आत्याबाईचा हात तसाच पसरलेला. मग बनियनमधली दुसरीबी निघाली. दोन्ही चुलीत गेल्या.

मी घास घेतला. इतकी वर्षं ह्या बाईवर मनातल्या मनात जळत होते, अन् आता ती माझ्यासाठी उपाशी बसली होती. डोळ्यातलं पाणी ताटात पडायलं.

लेकरू व्हईल, न व्हईल. आत्याबाईनं टोपल्यातली भाकरी मोडली अन् म्हणल्या, "अजून अर्धी घे." लग्न झाल्यापासून त्या घरात मला असं कुणी म्हणलं नव्हतं.