काडीच्या खांद्याचं माप

डॉक्टरला फसवता येतं, मास्तरला तर सहज फसवता येतं; पण जिच्या हातात मापाची फीत असते तिला फसवणं अवघड. पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या बायका रोज दुकानात येतात आणि शिवणारी बाई काही न बोलता दोन बोटं कापड जास्त सोडते. तिला सगळं कळत असतं. अशी चाणाक्ष बाई स्वतःच्या मुलीच्या बाबतीत किती आंधळी होऊ शकते, त्याची ही गोष्ट आहे. ‘आमच्या घरात असलं काही नाही’ असं म्हणायची घाई वाचणाऱ्यांनी करू नये. तीही हेच म्हणत होती.

या बाईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे दार, दाराशी गिऱ्हाइकांसाठी बाकडं, खिडकीखाली मशीन आणि कोपऱ्यात कपडे घालून बघण्यासाठी लावलेला जाड निळा पडदा. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि झोपणं. नवरा लवकर गेला आणि मुलगी मशीनच्या खडखडाटातच वाढली. लहानपणी इतकी हडकुळी की सगळी गल्ली तिला काडी म्हणायची. बावीस वर्षांची झाली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. काडी आठशे मीटर धावायची. मैदानाच्या दोन फेऱ्या, दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. त्या वरच्या सेकंदांपायी माणसं आयुष्य घालवतात.

दोन मिनिटं नऊ सेकंदांवर काडी तीन वर्षं अडकून पडली होती. मग क्लबात नवा कोच आला आणि वर्षभरात ती दोन मिनिटं दोन सेकंदांवर आली. सात सेकंद! लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग भुवया उंचावल्या. वर्तमानपत्रात कुणीतरी नाव न घेता लिहिलं, की काही प्रगती डोळ्यांत भरते आणि काही खुपते. बाजारात ओळखीच्या बायका आईला विचारू लागल्या, मुलीला काय खायला घालता हो? दूध आणि अंडी, असं तिचं ठरलेलं उत्तर. बायका मान डोलवायच्या आणि चार पावलं गेल्यावर एकमेकींकडे बघायच्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं पुटपुटत ती घरी यायची. खरं तर तिला त्यांचा राग येत नव्हता, भीती वाटत होती.

कारण क्लबातल्या सगळ्या मुलींचे धावण्याचे कपडे तीच शिवायची. दरवर्षी नवं माप घ्यायची आणि वहीत लिहायची. वही टेबलावर उघडीच असायची, मुली एकमेकींची मापं वाचून खिदळायच्या. त्या वर्षी काडीच्या खांद्यावर फीत ठेवली तर चौदा इंचांच्या जागी साडेपंधरा. दंड वाढला, मानही जाड झाली. तिला वाटलं फीत घसरली, म्हणून पुन्हा मोजलं. पुन्हा साडेपंधरा. व्यायामानं अंग भरतं हे तिला ठाऊक होतं, धावणाऱ्या कितीतरी मुलींची मापं तिनं घेतली होती; पण असं एका वर्षात बदललेलं अंग तिनं पाहिलं नव्हतं. काडीचा आवाजही घोगरा झाला होता, हनुवटीवरची लव दाट व्हायला लागली होती आणि चार महिने पाळी आली नव्हती. एका घरात राहणाऱ्या आईला हे सांगावं लागत नाही. दर मंगळवारी कोच ‘ताकदीचं’ इंजेक्शन द्यायचा. त्याबद्दल तिनं एकदाच विचारलं होतं.

“सगळ्याच घेतात, आई,” काडी म्हणाली. “जी घेत नाही ती चौथी येते. आणि तीनच जणींना पुढे पाठवतात.”

यावर आईनं काय करावं? तिनं वहीत चौदा लिहिलं आणि कापड साडेपंधराचं कापलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं तिनं कधी केलं नव्हतं. वहीत एक आणि कात्रीत दुसरं, हे शिवणाऱ्याच्या जातीला शोभत नाही, हे तीच हाताखाली शिकणाऱ्या मुलींना सांगायची. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून आपण हसतो, पण आपले स्वतःचे डोळे किती वेळा मिटलेले असतात ते कुणी मोजत नाही.

या खेळाडूंना एक नियम असतो. रोजचा एक तास ठरवून त्या वेळी आपण कुठे सापडू ते आधी कळवायचं. तपासणीवाले त्या तासात कधीही, न सांगता दारात उभे राहतात आणि समोर लघवीचा नमुना घेतात. सापडलं नाही तर एक गैरहजेरी. वर्षात अशा तीन झाल्या की बंदी. काडीनं सकाळी सहा ते सात, घरी, असं कळवून ठेवलं होतं.

एका बुधवारी सहा वाजून गेले आणि दार वाजलं. इंजेक्शन आदल्याच दिवशी झालं होतं. काडीनं खिडकीतून बाहेर पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या खोलीला दुसरं दार नव्हतं. “मी नाहीये,” एवढंच म्हणून ती पडद्यामागे गेली.

दारात दोन बायका होत्या, हातात पेटी. आईनं सांगितलं, मुलगी मावशीकडे गेली आहे. त्यातली वयानं मोठी होती ती शांतपणे म्हणाली, नियमाप्रमाणे आम्हाला सातपर्यंत थांबावं लागेल. दोघी बाकड्यावर बसल्या. पडदा त्यांच्यापासून चार हातांवर. पडद्यामागचा श्वास ऐकू जाऊ नये म्हणून आई मशीनवर बसली आणि चालवत सुटली. सुईतला दोरा पहिल्याच मिनिटाला निघून आला होता. ओवायला थांबलं तर आवाज थांबेल, म्हणून तिनं तशीच सुई चालवली. जवळजवळ तासभर एका चिंधीवर नुसती भोकं पडत गेली. सात वाजता मोठ्या बाईंनी गैरहजेरीचा कागद लिहिला, आणि जाता जाता म्हणाल्या, तुम्ही फार नेटानं काम करता हो.

काडी घामानं निथळत बाहेर आली आणि आईच्या गळ्यात पडली. कित्येक वर्षांत ती अशी गळ्यात पडली नव्हती. आईला वाटलं, आपण मुलीला वाचवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे निवड स्पर्धा झाली. काडी पहिली आली. क्लबातलीच अठरा वर्षांची एक मुलगी तिसऱ्या जागेपासून तीन दशांश सेकंदानं हुकली आणि चौथी राहिली. तेव्हापासून क्लबात तिला सगळे चौथीच म्हणायला लागले. लोकांना असली नावं ठेवायला वेळ लागत नाही.

मोठ्या स्पर्धेचे कपडे न्यायला खेळाच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई. काडीला दहाव्या वर्षी मैदानावर त्यांनीच आणलं होतं आणि आता क्लबाच्या मुलींची देखभाल त्या बघायच्या. त्यांनी गठ्ठ्यातून काडीचा बनियन काढला, टेबलावर पसरला, फीत उचलून खांद्यावर धरली. मग वहीचं पान उलटून चौदाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“ताई, खोटं कोण बोलतंय? वही की कापड?”

आईच्या हातातली कात्री तशीच राहिली. ती म्हणाली, “सगळ्याच घेतात, बाई.”

“सगळ्या नाही. चौथी घेत नाही. निदान कालपर्यंत घेत नव्हती.” बाई बाकड्यावर बसल्या. “काल ती माझ्या घरी आली. मला वाटलं, तक्रार करायला आली असेल, रडायला आली असेल. तिनं विचारलं, काडीताई कुठलं इंजेक्शन घेते? मलाही मिळवून द्याल का?”

आईनं वही मिटली.

“शंका सगळ्या गल्लीला आहे, ताई. मलाही होती. मी वर्षभर गप्प राहिले, कारण काडीला मी वाढवली. तुम्ही गप्प राहिलात, कारण ती तुमच्या पोटची. बाकीचे पाठीमागे कुजबुजत राहिले, कारण त्यात मजा असते आणि जबाबदारी नसते. तोंडावर कुणीच विचारलं नाही. आणि या सगळ्यातून त्या पोरीनं काय उचललं? सुई घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, एवढंच! उद्या तिचा आवाज फुटेल तेव्हा तिच्या आईला काय सांगणार आपण?”

“आणि माझ्या मुलीचं काय होईल?”

“बंदी येईल. चार वर्षांची असेल. लोक वाट्टेल ते बोलतील. खोटा धीर मी देणार नाही. पण अजून दोन वर्षं ही सुई चालली तर तिच्या शरीराचं काय होईल, ते कुठल्या निकालात छापून येत नाही.” बाई उठल्या. “मी आज तपासणीवाल्यांना लिहिणार आहे. तुम्हाला न सांगता लिहिलं असतं तर ती चुगली झाली असती, म्हणून आधी इथे आले. त्या आल्या की काय करायचं ते तुम्ही ठरवा, दार तुमचं आहे.”

संध्याकाळी आईनं काडीला सगळं सांगितलं. काडी आधी हसली, मग भांडली, मग विनवण्या करू लागली. एवढी एक स्पर्धा होऊ दे, मग सोडते, असं तिनं शपथेवर सांगितलं. आईला ते खरं मानावंसं फार वाटत होतं. तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चौथी मात्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. गेल्याच वर्षी या टेबलापाशी उभी राहून ती काडीचं माप वाचत होती आणि म्हणत होती, काकू, ताईएवढीच मीही बारीक आहे.

दहाव्या दिवशी सकाळी सव्वासहाला दार वाजलं. काडी पुन्हा पडद्यामागे गेली. पुन्हा त्याच दोघी, हातात तीच पेटी. मुलगी आहे का घरी, असं मोठ्या बाईंनी विचारलं. आईनं मशीनकडे पाहिलं, बाकड्याकडे पाहिलं. मग ती कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि तिनं पडदा सरकवला!

“ही इथे आहे,” ती म्हणाली. “त्या दिवशीही इथेच होती.”

काडी ओरडली नाही. तिनं आईकडे असं पाहिलं, की आईला त्याऐवजी थोबाडीत बसलेली परवडली असती. मग ती निमूटपणे त्या बायकांबरोबर गेली आणि नमुना दिला.

पुढचं सगळं बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. चार वर्षांची बंदी आली, दोन मिनिटं दोन सेकंदांचा आकडा कागदावरून पुसला गेला. कोचनं जबाबात सांगितलं की मुलीनं काय घेतलं ते मला माहीत नाही, आणि त्याच्याकडेही चौकशी वळली तेव्हा त्यानं फोन बंद करून टाकला. कालपर्यंत कुजबुजणाऱ्या बायका आता मोठ्यानं बोलू लागल्या. गिऱ्हाइकं कमी झाली. काडीच्या जागी चौथी गेली आणि मोठ्या स्पर्धेत पहिल्याच शर्यतीत शेवटून दुसरी आली. तिच्यासाठी कुणी हार घेऊन उभं नव्हतं. पण जाण्याआधी तिचं माप घेताना आईनं तिला पाळीपासून आवाजापर्यंत काहीही न लपवता सांगितलं होतं, आणि त्या पोरीनं पुन्हा सुईचं नाव काढलं नाही. एवढी एकच गोष्ट हाती लागली.

काडी घरातच राहिली, पण आईशी बोलायची बंद झाली. ताट पुढ्यात आलं की जेवायची, बोलावलं की डॉक्टरांकडे यायची. डॉक्टर म्हणाल्या, पाळी बहुतेक येईल, वेळ लागेल. आवाज मात्र आता असाच राहील.

चार महिन्यांनी एका दुपारी ती पुढच्या खोलीत आली. आई काज करत बसली होती. काडी बाकड्यावर बसली आणि त्या जाड, परक्या आवाजात म्हणाली, “आई, पहिल्यांदा त्या आल्या होत्या, तेव्हाच का नाही पडदा सरकवलास? तेव्हा आवाज एवढा गेला नव्हता.”

पहिल्या खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंत सात महिने गेले होते आणि त्यातल्या प्रत्येक मंगळवारी सुई टोचली गेली होती. आईनं मुलीचा हात धरायला हात पुढे केला. काडीनं तो झिडकारला नाही, धरलाही नाही.

आपल्या माणसाला पाठीशी घालणं म्हणजे माया, अशी आपली सगळ्यांची समजूत आहे. ती खोटी आहे. घरातल्या माणसाबद्दल शंका आली तर ती बाजारात कुजबुजू नका आणि मनातही पुरू नका. त्याच दिवशी त्याच्यासमोर बसून विचारा, आणि उत्तर कडू असलं तरी ऐकून घ्या. त्या बाईला सात महिने उशीर झाला. तुम्ही तो होऊ देऊ नका.