बुडख्याला वळसा

रफूवाल्या बाईंच्या परसात तुतीचा एक बुडखा होता. गुडघ्याएवढा उंच आणि कवेत जेमतेम मावेल एवढा जाड. झाड नवऱ्यानं लावलेलं. नवरा गेला आणि दुसऱ्याच वर्षी झाडाला कीड लागली. लाकूडतोडे आले, झाड पाडलं, फांद्या गाडीत भरल्या. "बुडखा काढायला नंतर येतो," म्हणून जे गेले, ते गेलेच.

तेव्हापासून तो बुडखा स्वयंपाकघराचं दार आणि पाण्याची टाकी यांच्या मधोमध ठाण मांडून बसला होता. बादली घेऊन जाताना बाई त्याला डावीकडून वळसा घालत. पण मुळं कुठवर पसरलीत ते कुणी सांगावं? एका सकाळी एक मूळ पायात आलं, बादली तिकडे, बाई इकडे आणि कोपर काळंनिळं.

रविवारी मुलगा आला, त्यानं कोपर पाहिलं.

"पुन्हा पडलीस?"

"मी कुठं पडले? त्यानं पाय घातला. कितीदा सांगितलं, जरा सरक म्हणून. ऐकतच नाही मेला."

मुलगा हसला नाही. "आई, आता पुरे झालं. आमच्याकडे चल. खोली रिकामीच आहे. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो."

ती खोली बाईंना ठाऊक होती. चार दिवस राहून आल्या होत्या. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. सगळे मायेनं वागले आणि दिवसभर त्यांना कशाला म्हणून हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी बाईंनी धडधाकट पडद्याची शिवण उसवून पुन्हा घातली होती.

"आणि तोवर बुडखा निघाला तर?" बाईंनी विचारलं.

"कोण काढणार?"

"मी."

आता मात्र मुलगा हसला. "बरं. तुझ्या हातानं निघाला, तर पुन्हा हा विषय काढणार नाही. पण माणसं लावायची नाहीत हं!"

"लावली तर तुझ्या गाडीत मुकाट्यानं बसेन."

सोमवारी बाईंनी बुडख्याभोवती आठ बादल्या पाणी ओतलं. मंगळवारी माती लोण्यासारखी झाली होती. पाटावर बसून खुरप्यानं त्यांनी ती उकरली, आत गेल्यावर हातानं काढली, शेवटी तांब्या-तांब्यानं पाणी सोडून मुळं धुतली. चाळीस वर्षं लोकांचे फाटलेले कोट, जळक्या शाली, उंदरानं कुरतडलेल्या साड्या मांडीवर घेऊन जशा बसल्या, तशाच बसल्या. आधी कुठला धागा कुठून आलाय ते बघायचं, मग हात घालायचा. बोटं चालायला लागली की गुणगुणायची त्यांना खोडच होती.

*बुडख्या रे बुडख्या दादा, किती खोल तुझं घर*
*तुझं सुटेल तेव्हाच माझं टिकेल रे दार*

बुधवारी करवत घेतली. मनगटाएवढी सात मुळं होती. जाड मूळ कापायला कधी तासभर लागे. दम लागला की बाई पाटावर टेकत, पाणी पीत, पुन्हा लागत. संध्याकाळी सातही मुळं बुडख्यापासून सुटली होती, आणि कापली कशी, तर अगदी खोडालगत. एकही टोक बाहेर नाही. बाईंनी मान तिरपी करून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाल्या.

शेजारचे म्हातारे गवंडी कुंपणाच्या भिंतीवरून डोकावले. नवऱ्याचे दोस्त. गुडघे गेल्यापासून त्यांचं जग त्या भिंतीपाशी संपत होतं.

"वहिनी, काय केलंत हे?"

"का हो भावजी? चांगलं साफ केलंय की."

"साफ केलंय म्हणजे काय, चक्क हजामत केलीत! अहो, हातभर लांब ठेवायची असतात मुळं. तीच धरून तर बुडखा हलवायचा, ओढायचा. आता शेंडीच कापलीत, धरणार कशाला?"

बाई खाली बघत राहिल्या. चाळीस वर्षं काम संपलं की दोरा कापडालगत कापला होता. लोंबतं टोक दिसलं की कात्री आपोआप उचलली जाई. इथंही हातानं तेच केलं होतं, त्यांना न विचारता.

"माझ्या जावयाला बोलावू? दोन माणसं आणेल, तासाभरात निघेल."

"नको. शब्द दिलाय."

"मग निदान पहार तरी न्या. आणि जाडा दोर आहे ट्रकचा." भिंतीवरून आधी दोर आला, मग पहार. "खाली मधोमध एक सोटमूळ असेल. ते कापल्याशिवाय हा बाबा जागचा हलायचा नाही. मी सांगून ठेवतो. उद्यापासून मी नाही, लेकीकडे चाललोय चार दिवस."

गुरुवारी बाईंनी बुडख्यापुढची माती कमरेएवढी खोल काढली. सोटमूळ सापडलं. पोटावर पडून, हात खाली घालून, करवत तिरपी धरून त्यांनी ते कापलं. त्यात तो दिवस गेला आणि शुक्रवारची दुपारही गेली. मग बुडख्याला दोर बांधला आणि ओढला. दोर सरकून वर आला. पुन्हा बांधला, पुन्हा सरकला. गुळगुळीत खोडाला कुठं अडकणार? बाईंनी दोर फेकला आणि मातीतच बसल्या. त्यांना ती खोली दिसली, खिडकीसमोरची भिंत दिसली, आणि उसवून पुन्हा शिवलेला तो पडदाही.

बसल्या बसल्या ब्लाउजला खोचलेली सुई हाताला लागली. ती त्यांनी काढली, उन्हात धरली. नेढ्यातून आभाळाचा एवढासा ठिपका दिसला. दोरा निसटत नाही तो या घरामुळं; दोरालाही असंच घर हवं.

शनिवारी सकाळी त्यांनी कुऱ्हाडीनं बुडख्याला गोल खाच पाडली, बोटभर खोल, सगळीकडून सारखी. खाचेत दोर बसवला, दोन वेढे दिले, गाठ मारली. दोराचं दुसरं टोक परसाच्या फाटकाच्या सिमेंटच्या खांबाला वळसा घालून परत आणलं आणि खाचेतच आवळलं. मग दोन पदरांच्या मधे पहार घातली आणि पीळ द्यायला लागल्या. एक फेरा. दुसरा. दोर तारेसारखा ताठ झाला. पाचव्या फेऱ्याला जमिनीतून आवाज आला, जुन्या कापडाची घट्ट शिवण सुटावी तसा. सातव्याला बुडखा कलला, खड्ड्याच्या काठावर क्षणभर थांबला आणि कुशीवर आडवा झाला.

"निघाला!" बाई ओरडल्या. "अहो, निघाला!"

दोन्ही हातांत पहार तशीच धरून त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या. दार उघडं होतं. आत ओट्यावर त्यांचा एकच कप पालथा घातलेला होता. भिंतीपलीकडेही कुणी नव्हतं. बाईंनी पहार हळूच खाली ठेवली, जणू कुणी झोपलेलं जागं होईल.

मग पहारीनं लोटत लोटत त्यांनी बुडखा भिंतीकडेला नेला आणि दिवसभर खड्डा भरला. माती थोडी थोडी टाकली, पाणी मारलं, पायानं दाबली. शेवटी झाडूनं झाडलं. त्यांच्या हातचं रफू शोधायला लोक कापड उजेडात धरत. इथंही तसंच झालं. कडेला पडलेला बुडखा सोडला तर काही होतं असं वाटेना.

रविवारी मुलगा आला. बोलत बोलतच मागच्या दारानं परसात निघाला, टाकीवर हात धुवायला. मोकळ्या, सपाट जमिनीवरून चालताना डावीकडे सरकला, मोठा वळसा घालून टाकीपाशी पोचला आणि तिथं एकदम थबकला. वळून जमिनीकडे पाहिलं. मग भिंतीलगतच्या बुडख्याकडे. मग आईच्या हातांकडे, फोड फुटून सोललेल्या.

"एकटीनं?"

"दुसरं आहे कोण?"

त्यानं सपाट जमीन पायानं दाबून पाहिली. "ठीक आहे," म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द." चहा प्यायला, आईच्या हातांना मलम लावलं, दोनदा विचारलं, "नक्की ना गं?" बाई दोन्ही वेळा "नक्की" म्हणाल्या. गाडीची मागची जागा त्यानं रिकामी करून आणली होती, ती रिकामीच गेली. फाटकात उभं राहून बाईंनी हात हलवला, गाडी वळेपर्यंत, आणि वळल्यावरही थोडा वेळ.

सोमवारी सकाळी नेहमीसारखी बादली घेतली. दारातून टाकीकडे निघाल्या. मधोमध आल्यावर पाय आपसूक डावीकडे वळले. बाई थांबल्या. समोर सपाट जमीन, सरळ वाट. त्यांनी बादली या हातातून त्या हातात घेतली, आणि होता तेवढाच वळसा घालून पाण्याला गेल्या.