कडा शेवटी दाखवायचा

"हे तळं झालं. पुढे काय?" मावशींनी विचारलं आणि पायातली चप्पल काढून आतला खडा झटकला.

एरवी तळ्यापाशी गाइडचा चांगला वेळ जायचा. पाणी सकाळी कसं दिसतं, दुपारी कसं दिसतं, तळाशी म्हणे एक जुनं गाव आहे; त्या 'म्हणे'पाशी तो हमखास थांबायचा, म्हणजे पाहुणे वाकून पाण्यात बघत. आज त्याने हे सगळं पाढे म्हटल्यासारखं एका दमात उरकलं होतं. कुणीही वाकलं नव्हतं.

"पुढे मनोरा," तो म्हणाला. "मग कडा."

"आधी कडाच दाखवा ना. माझे गुडघे तिथवर टिकतील याची काय हमी?"

"नाही मावशी, कडा शेवटी. चांगलं ते आधी दाखवलं की बाकीचं फिकं पडतं."

"आमच्या दुकानात उलटं. गिऱ्हाइकाला चांगलं कापड आधी दाखवलं नाही, तर ते दुसरं बघायला थांबतच नाही."

मावशी म्हणजे त्याच्या नात्यातल्या कुणी नव्हेत. शहरात कपडे शिवण्यात जन्म गेलेल्या, सकाळच्या बसने एकट्याच उतरलेल्या एक बाई. त्यांना खरं तर जायचं होतं त्या नावाजलेल्या थंड हवेच्या गावाला. तिथल्या गाड्या भरलेल्या, म्हणून खिडकीवरच्या माणसाने त्यांच्या हातात इकडचं तिकीट ठेवलं होतं. हे त्यांनी उतरल्या उतरल्या सांगून टाकलं. गाइडला त्याचं काही वाटलं नाही. या गावात येणारे बहुतेक असेच यायचे, दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून. जाताना मात्र त्यांतलं एखादं कुटुंब पुढच्या वर्षी हीच खोली द्या म्हणायचं, आणि मग गाइड आठवडाभर हवेत चालायचा.

आज त्याने पाहुणे घ्यायला नको होते. दुपारच्या बसने त्याची बायको आणि मुलगी शहरात राहायला चालल्या होत्या.

बायको नर्स. इथल्या लहानशा दवाखान्यात होती, तो दवाखाना बंद झाला. मग तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळाली, राहायला खोलीसुद्धा मिळाली. "तुम्हीही चला," ती एकदा म्हणाली होती. "हंगाम संपू दे," तो म्हणाला होता. त्यावर दोघंही पुन्हा बोलले नाहीत. मीठ संपलंय, नळ गळतोय, पोरीचे बूट लहान झालेत, हे सगळं बोलले. तेवढं सोडून.

बोलायचं त्याच्या मनात होतं. तू जातेस ते बरोबरच आहे, हे एक. आणि मला तिथे यायची भीती वाटते, हे दुसरं. इथे मला दगड दगड ओळखतो. तिथे मी कोण? पण हे त्याने शेवटासाठी ठेवलं होतं. सामान बांधून होईल, घर शांत होईल, मग बोलू. त्याची सवयच तशी.

सकाळी मात्र घर काही शांत होईना. तो खोक्याला दोरी बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. उशा या पिशवीतून त्या पिशवीत घालायचा. शेवटी बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही असं करा, बाहेर जा. सारखे पायात पायात येताय. मांजर परवडलं."

"मदत करतोय."

"ती थांबवा, तीच मदत. बस दुपारची आहे. या वेळेवर."

त्यांची लेक, जिला सगळं गाव भिंगरी म्हणायचं, ती आज रिकाम्या कपाटात शिरून बसली होती आणि आतून ओरडत होती, "मी पण पॅक झाले! मला इथेच ठेवा!"

म्हणून तो चौकात आला, आणि चौकात मावशी भेटल्या.

मनोऱ्याची चढण लागली. गाइड नेहमीसारखा मावशींकडे तोंड करून उलटा चालू लागला. पाहुण्यांना पाठ दाखवायची नाही, ही त्याची रीत. पायांना वाट पाठ होती. मावशींना मात्र ते बघवेना.

"अहो, सरळ चाला! तुम्ही पडाल आणि माझ्या गळ्यात याल."

"आजवर पडलो नाही."

"असं म्हणणारेच पडतात. आणि मघापासून घड्याळ काय बघताय? कुठे आग विझवायला जायचंय?"

मग त्याने सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण मावशींचा आवाज असा होता की माप घेताना हात वर करावे लागतात तसं माणूस आपोआप खरं बोलायचा. मावशी चालायच्या थांबल्या. पदराने मान पुसली.

"म्हणजे सकाळपासून मला इथे येण्याची कारणं सांगताय. हवा अशी, पाणी तसं, शांतता तर विचारूच नका. आणि घरची बाई निघाली?"

"ही सगळी यायची कारणं आहेत, मावशी," तो म्हणाला. "राहायची निराळी असतात. ती मला कुणी कधी विचारली नाहीत."

"बायकोनेही नाही?"

त्याने वाटेतला एक खडा पायाने कडेला लोटला. मग आणखी एक.

"बोलणार आहे मी तिच्याशी. आज निघायच्या आधी."

"निघायच्या आधी म्हणजे कधी? बायकांचं निघायच्या आधी काय चाललेलं असतं माहीत आहे? गॅस बंद केला का, कुलपाची किल्ली कुठे, पोरीला लघवीला नेलं का. त्यात तुमचं बोलणं कुठे बसायचं?" बोलता बोलता मावशींची नजर बाजूला, उताराखालच्या रस्त्याकडे गेली. "ती बस कुठली हो? वळणावरची?"

गाइड गर्रकन वळला. खाली रस्त्यावर दुपारची बस धूळ उडवत चौकाकडे निघाली होती. आज वाटेतल्या गावाचा बाजार नव्हता. वाटेत कुणी चढलं-उतरलं नसणार, म्हणून बस वेळेआधीच आली होती. हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो ही गोष्ट आठवणीने सांगायचा.

"मावशी, कडा..."

"कडा कुठे पळून जातोय? मी उद्याही आहे. तुम्ही पळा!"

तो पळाला. दगडांवरून, काट्यांतून, वाट सोडून पळाला.

चौकात बस घुरघुरत उभी होती. खोकी टपावर चढली होती, आणि भिंगरीने थांब्याच्या लोखंडी खांबाला हातापायांनी मिठी मारली होती. बायको तिची बोटं एकेक करून सोडवत होती. एक सुटलं की दुसरं चिकटत होतं. रडून रडून पोरीच्या गळ्यातून आता नुसती शिट्टी येत होती.

"बाई, चला आता," कंडक्टर म्हणाला. "की खांबासकट नेऊ?"

बायकोने गाइडकडे पाहिलं. तिच्या केसांत कोळ्याचं जाळं, कपाळावर घाम. "आलात," एवढंच म्हणाली. रागाने म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तो खांबापाशी उकिडवा बसला. शेवटासाठी ठेवलेली वाक्यं घशाशी होती, पण समोर हे लाल, ओलं, चिडलेलं तोंड होतं.

"मी नाही जाणार," भिंगरी म्हणाली. "तिथे काय आहे?"

हा प्रश्न त्याला रोज कुणी ना कुणी विचारायचं. त्याने खिशातला रुमाल काढून तिचं नाक पुसलं, घसा साफ केला, आणि पाहुण्यांसाठीचा आपला तो मोठा, गोल आवाज लावला.

"तर ताईसाहेब, तिथे असे जिने आहेत जे स्वतःच चढतात. आपण नुसतं उभं राहायचं."

"खोटं."

"शप्पथ. तिथे वरच्या मजल्यावरच्यांनी खुर्ची सरकवली की आपल्या घरात ढग गडगडतात. पाऊस मात्र पडत नाही. रात्री अंधारच होत नाही, सगळीकडून उजेड येतो. खिडकीत कबुतरं येऊन बसतात आणि हाकललं तरी जात नाहीत."

भिंगरीचा एक हात ढिला झाला. "कधीच नाही?"

"कधीच नाही. आणि रस्त्यावर एक लाल दिवा असतो. तो लागला की मोठमोठ्या गाड्या, ट्रक, बस, सगळे जागच्या जागी उभे राहतात. कशासाठी? तर तुला पलीकडे जायचं असतं म्हणून."

तो शहरात कधी राहिला नव्हता. हे सगळं त्याने पाहुण्यांकडून ऐकलं होतं. त्यांच्या तक्रारी होत्या या. झोप लागत नाही, वरचे धिंगाणा घालतात, कबुतरांनी जीव नको केलाय, सिग्नलवर अर्धं आयुष्य जातं. वर्षानुवर्षं तो त्या मान हलवत ऐकत आला होता. आज त्यांतली एकेक काढून तो पोरीपुढे मांडत होता आणि तिची बोटं खांबावरून सुटत होती.

शेवटी तिने स्वतःच हात पुढे केले. त्याने तिला उचललं, तिच्या मानेत एकदा नाक खुपसलं, आणि पायरीवर उभ्या असलेल्या बायकोच्या कडेवर दिलं.

बायको आत गेली नाही. कंडक्टरने घंटी वाजवली तरी नाही.

"आणि मोठ्या माणसांसाठी काय आहे तिथे?" तिने विचारलं. हसत विचारलं, पण डोळे त्याच्यावरून हलले नाहीत.

गाइडने तोंड उघडलं. जिने, ढग, कबुतरं सगळं संपलं होतं. तो मोठा आवाजही कुठे गेला कुणास ठाऊक.

"मला माहीत नाही गं," तो म्हणाला. "म्हणून तर भीती वाटते."

पायरीवरून वाकून तिने त्याच्या बाहीला अडकलेली काटेरी काडी काढली.

"हे महिन्याभरापूर्वी सांगायला काय झालं होतं?"

"ठेवलं होतं."

"ठेवलं होतं म्हणे. लोणचं आहे का ते?" तिने काडी खाली टाकली. "बरं. मी आधी जाऊन बघते. मोठ्या माणसांसाठी काही सापडलं तर कळवते. मग तुम्ही या, मी दाखवते."

"आणि नाही सापडलं तर?"

"तरी या," ती म्हणाली, आणि बस हलली.

गाइड रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. धूळ खाली बसली तेव्हा बस उताराच्या वळणावर गेली होती. मागच्या खिडकीतून एक इवलासा हात बाहेर आला होता. तो टाटा करत नव्हता. बोट दाखवत होता. भिंगरी आईला गावाकडे बघून काहीतरी दाखवत होती, पुन्हा पुन्हा, बस वळेपर्यंत.

ती काय दाखवते आहे ते बघायला गाइड मागे वळला. थांब्याचा पत्रा, कुलूप लावलेला दवाखाना, कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, त्यांच्यामागे डोंगर. तो तिथेच उभा राहून बघत राहिला, आत्ताच बसमधून उतरलेल्या माणसासारखा.