संध्याकाळचा हॉल कुणाचा

हॉलच्या मॅनेजरला माणसांची पारख होती, असं त्याची बायको सोडून सगळ्यांना वाटे. त्या पारखीवर त्याने ठरवून टाकलं होतं, की ज्युदोची पोरं मारकुटी आणि बॅडमिंटनचं फूल उडवणारी मंडळी सालस. आता दाराची मूठ उखडली ती बॅडमिंटनच्या सामन्यानंतर, पाण्याच्या पिंपाला लाथ बसली तीही तेव्हाच, आणि पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार तर दर शनिवारी ठरलेला. पण मत एकदा बनलं, की माणूस खर्चाचा आकडाही खुशाल जमेला मांडतो.

बॅडमिंटन मंडळाला संध्याकाळची वेळ हवी होती. ती वेळ ज्युदोच्या बाईंची. बाई दिवसा दवाखान्यात नर्स, मुलं दिवसा शाळेत; संध्याकाळ गेली की वर्गच बंद. म्हणून दुपारी वरच्या मजल्यावर मॅनेजरच्या खोलीत बैठक बसली.

मंडळाचे सेक्रेटरी तोंडावर काका, पाठीमागे स्मॅशकाका. निवृत्त माणूस, पण आवाज अजून नोकरीवर.

"एकमेकांना आपटायला शिकतात ही पोरं! उद्या रस्त्यात कुणाला आपटलं तर?"

"काका, माझी पोरं आधी पडायला शिकतात," बाई शांतपणे म्हणाल्या. "मागच्या वर्षी तुमच्याच दोघांनी रॅकेटी उगारल्या, तेव्हा मध्ये कोण पडलं? माझ्या मुली. आणि त्यांनी कुणाला बोटसुद्धा..."

काकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी टेबलावर दोनदा हात आपटला. धप, धप. "बास!"

आणि बाई गप्प झाल्या. अर्ध्या वाक्यात. खुर्ची जराशी मागे सरकवून, हात मांडीवर ठेवून काकांकडे बघत राहिल्या, जणू आता दोघांनी नव्याने सुरुवात करायची होती. काकांना कसली नवी सुरुवात! ते सुटले ते सुटलेच.

"बाई, काही म्हणायचंय?" मॅनेजरने शेवटी विचारलं. बाई गोंधळल्या. तोंड उघडेपर्यंत काका म्हणाले, "काय म्हणणार? मुद्दाच नाही!"

मॅनेजरलाही तसंच वाटलं. पुढच्या महिन्यापासून संध्याकाळ बॅडमिंटनला. बाई मान हलवून उठून गेल्या.

संध्याकाळी मॅनेजर टेप घेऊन हॉलमध्ये गेला, कोर्टाच्या रेघांची मापं घ्यायला. मॅटवर दोन मुली झटत होत्या. थोराड मुलीने बारकीला असं दाबलं होतं, की मॅनेजरचाच जीव गुदमरला. तो ओरडणार इतक्यात बारकीने मॅटवर दोनदा थाप मारली. वरचीने चटका बसल्यासारखे हात सोडले. दोघी उठल्या, पट्टे सारखे केले, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा भिडल्या. पलीकडच्या जोडीतही तेच. थाप पडली, की पकड सुटली.

टेप मॅनेजरच्या हातातच राहिली.

"बाई, दुपारी तुम्ही थांबलात ते..."

"थाप पडली ना, साहेब." बाई ओशाळून हसल्या.

"अहो, ते चिडून टेबल बडवत होते! शरण कसले येतात!"

"ते जिन्यात कळलं. पण थाप ऐकून माझा हात सुटला नाही, तर या पोरींना मी कुणाच्या भरवशावर मॅटवर उतरवू?"

"मग परत यायचं वर!"

"तुम्ही निकाल दिला होता. निकालावर आम्ही पंचाशी भांडत नाही."

मॅनेजरला आयुष्यात पहिल्यांदा कुणी पंच म्हणून मान दिला होता, आणि नेमका निकाल चुकलेला. त्याने तिथेच फोन लावला. "काका, दुपारचा निकाल रद्द. चूक माझी. संध्याकाळ बाईंचीच. तुम्हाला सकाळ देतो."

फोनमधून जे बाहेर पडलं, ते ऐकून मॅटवरच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. बाईंनी डोळे वटारले. मॅनेजरने फोन कानापासून हातभर लांब धरला आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने पलीकडचा दम संपला.

"सकाळी म्हणजे किती वाजता?" काकांचा आवाज एकदम घरच्यासारखा झाला होता. "मला काय, चारलाच जाग येते. घरात बोलायला कोण आहे?"

"सहाला उघडतो, काका."

"पाचला."

किल्ली मॅनेजरकडेच असायची. त्याने एकदा डोळे मिटून घेतले.

"बरं. पाचला."